अपंग जवानाचा सांभाळ



दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो. १९४९ सालापासून हा दिवस आपण पाळीत आलो आहोत. शाळेतली मुले डबे घेऊन घरोघर हिंडतात, छातीला कागदी ध्वज लावतात, आणि जमलेला पैसा माजी सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या कामी येतो. चांगलीच गोष्ट आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुले फौजेत जातात, म्हणून त्या गावाला लोक अपशिंगे मिलिटरी असेच म्हणतात. अशा मुलखात ध्वजदिनाचे महत्त्व कुणी कुणाला सांगायला नको. पण आजचे माझे बोलणे दानासंबंधी नाही. सरकारी नियमाने जे देऊ केलेले आहे आणि तरीही मागायचे राहून जाते, अशा एका हक्कासंबंधी आहे.

हा हक्क आहे अपंग होऊन घरी आलेल्या जवानाच्या सांभाळाचा. फौजेच्या कागदांत त्याचे नाव आहे ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. ज्याला उठायला, बसायला, आंघोळीला, जेवायला दुसऱ्या माणसाचा हात सतत लागतो, त्या जवानाला त्या हातासाठी पेन्शनशिवाय दरमहा वेगळी मिळणारी रक्कम. आपण आजच्यापुरते तिला परिचर्या भत्ता म्हणू या.

आता तुम्ही विचाराल, अपंगांना पेन्शन तर मिळतेच, मग हा आणखी वेगळा भत्ता कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजले, की पुढचे सगळे समजते.

जवान जखमी झाला, किंवा सेवेमुळे त्याला कायमचा आजार जडला, की डॉक्टरांचे मंडळ त्याला तपासते. याला आपण मेडिकल बोर्ड म्हणतो. बोर्डापुढे पहिला प्रश्न असतो की अपंगत्व सेवेमुळे आले का, किंवा सेवेमुळे वाढले का. दुसरा प्रश्न, ते किती टक्के आहे. या टक्क्यांवर पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग ठरतो. अपंगत्व शंभर टक्के असेल, तर सेवेमुळे आलेल्या साध्या अपंगत्वाला हा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के धरतात. लढाईत जखमी होऊन सेवा सोडावी लागली असेल, तर तो शेवटच्या वेतनाइतका धरतात. टक्के कमी असले, की त्या प्रमाणात रक्कम उतरते. सेवेच्या वर्षांबद्दलचा भाग आणखी वेगळा.

पण मंडळी, टक्के कशाचे मोजले? टक्के मोजले ते शरीराचे. पाय गेला, डोळा गेला, कण्याला गोळी लागली, त्याचे इतके इतके टक्के. शरीरातून काय गेले, याचा तो हिशेब झाला. जे गेले त्यामुळे आता दिवस कसा काढायचा, हा हिशेब त्यात आलेला नाही. आणि घर चालते ते दिवसावर, टक्क्यांवर नव्हे.

उदाहरणादाखल एक जवान धरा. पाठीच्या कण्याला इजा होऊन त्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले आहे. चित्र मनातले आहे, पण असे जवान खरोखर आहेत. पुण्याला खडकी येथे १९७४ सालापासून अशाच जवानांसाठी पुनर्वसन केंद्र चालते. तर हा जवान घरी आला. त्याचा दिवस कसा जातो, पाहा.

अंथरुणात पडल्या पडल्या त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही. आपण झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो. एकाच जागी भार राहिला तर तिथले रक्त अडते आणि कातडी मरू लागते. याच्या पाठीला, टाचांना, माकडहाडाला अशा जखमा होतात. त्या टाळायच्या म्हणून रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी कुणीतरी उठून त्याला वळवावे लागते. लघवीची जाणीव राहिलेली नसते. नळी घालावी लागते, ती स्वच्छ ठेवावी लागते, नाही तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचतात. शौचाची वेळ ठरवून हाताने मदत करावी लागते. आंघोळीचे पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहायचे असते, कारण याच्या पायाला ऊन-थंड काहीच कळत नाही. कढत पाणी पडले तर कातडी भाजेल आणि त्याला पत्ता लागणार नाही. मग कपडे, मग चाकांच्या खुर्चीवर उचलून ठेवणे, दुपारी पुन्हा खाली घेणे, अंगावर कुठे लाल डाग उठला आहे का ते रोज पाहणे.

हे सगळे कोण करते? आई करते. बायको करते. पुढे मुलगी मोठी झाली की ती करते. एखाद्या घरी धाकटा भाऊ पुण्या-मुंबईची नोकरी सोडून मागे राहतो. बायको शेतावर रोजाने जाऊ शकत नाही, माहेरी दोन दिवस राहू शकत नाही, लग्नाकार्याला गेली तरी अक्षता पडल्या की परत फिरते. जखम एकाला झाली, पण तिने दोन माणसे घरात बांधून घातली. टक्के पहिल्या माणसाचे मोजले गेले. परिचर्या भत्ता आहे तो या दुसऱ्या माणसासाठी.

सरकारने हे ओळखले आहे. नियमाचा आशय असा. जवानाला शंभर टक्के अपंगत्वाची पेन्शन मिळत असली पाहिजे. त्याला निदान तीन महिने तरी सतत दुसऱ्या माणसाची गरज आहे, असे मेडिकल बोर्डाचे मत पडले पाहिजे. आणि ही गरज बोर्डाने मान्य केलेल्या अपंगत्वातूनच निर्माण झालेली असली पाहिजे. तो सरकारी रुग्णालयात किंवा संस्थेत राहत असेल, तर तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळत नाही, कारण तिथे त्याची काळजी सरकारी खर्चानेच घेतली जाते. भत्ता देताना हुद्दा पाहत नाहीत. शिपाई असो की सुभेदार, रक्कम एकच. दोघांनाही उचलायला तितकेच बळ लागते, नाही का?

रक्कम किती, तेही सांगतो. १ जानेवारी २००६ पासून ती दरमहा ३,००० रुपये होती. पुढे वाढत वाढत ती ४,५०० झाली, आणि १ जुलै २०१७ पासून ६,७५० रुपये ठरली. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी चढला की ही रक्कम पाव हिश्शाने वाढवायची, असाही नियम आहे. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला. त्या हिशेबाने हा आकडा ८,४३८ रुपयांच्या घरात येतो. तुमच्या बाबतीतला चालू दर जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

ही रक्कम मोठी आहे का? शाळेतल्या मुलांना हे गणित घालून पाहा. ८,४३८ ला तीस दिवसांनी भागले, तर दिवसाला सुमारे २८१ रुपये होतात. दिवसाचे चोवीस तास धरले, तर तासाला बारा रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात रात्रंदिवस राहणारा गडी कुठे मिळेल? तेव्हा या पैशाने परिचर्येचे मोल फिटले, असे कुणी म्हणणार नाही. पण वर्षाला ही रक्कम लाखावर जाते. दिवसातले काही तास एखादी बाई मदतीला ठेवता येते. हवेची गादी घेता येते, नळ्या वेळच्या वेळी बदलता येतात. मुख्य म्हणजे घरातल्या त्या बाईला महिन्यातून एकदा निर्धास्तपणे बाहेर पडता येते.

मग हा हक्क मागायचा का राहून जातो? मला त्याची तीन कारणे दिसतात. तिन्ही कारणे आपल्या स्वभावातली आहेत, म्हणून ती उघड बोललेली बरी.

पहिले कारण म्हणजे मानीपणा. जवान बोर्डापुढे जातो तेव्हा दाढी करून, कडक कपडे घालून जातो. डॉक्टर विचारतात, “कसं काय चाललंय?” फौजेत ज्याने वर्षानुवर्षे ‘ठीक आहे साहेब’ म्हटले, तो इथेही म्हणतो, “ठीक आहे साहेब, चाललंय.” “जेवण स्वतः करता?” “करतो साहेब.” ताट वाढून, भाकरी कुस्करून, पाठीशी उशी लावून कुणी दिले, हे तो सांगत नाही. रडगाणे गाणे त्याच्या रक्तात नाही. पण बोर्डाच्या कागदावर उतरते ते एवढेच, की रुग्ण स्वतः जेवतो. त्याच्या स्वाभिमानाची किंमत मग घरातली बाई भरते.

दुसरे कारण, घरातली बाई आपल्या कष्टाला काम समजत नाही. तिला विचारा, “तुम्ही दिवसभर काय करता?” ती म्हणेल, “काही नाही, यांचं बघते.” यांचं बघणे म्हणजे पहाटे चारला उठणे आणि रात्री तीनदा जागणे, हे तिला वेगळे मोजावेसे वाटत नाही. धर्म म्हणून, माया म्हणून ती करते. माया मोजू नये, हे खरे. पण काम मोजावे. माया मोजायची नाही म्हणून कामही मोजायचे नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

तिसरे कारण म्हणजे, एकदा बोर्ड झाले की संपले, अशी समजूत. ही समजूत कशातून आली, तेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी अपंग जवानांना ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा बोर्डापुढे उभे राहावे लागे. गेलेला पाय पुन्हा उगवत नाही, मग खेपा कशाला? म्हणून २००१ साली सरकारने ठरवले, की कायमच्या अपंगत्वाचा निर्णय जन्मभरासाठी मानायचा. फेरतपासणी करायची ती जवानाने स्वतः मागितली तरच. निर्णय चांगलाच झाला, म्हाताऱ्या माणसांच्या खेपा वाचल्या. पण त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्या. आता तुमची परिस्थिती बिघडली का, हे पाहायला आपण होऊन कुणी येणार नाही. विचारायचे ते तुम्हीच.

आणि परिस्थिती बिघडते, बरे का. तिशीतला जवान दणकट दंडांच्या बळावर खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकतो. त्या वेळी बोर्डाने लिहिले की सतत सोबतीची गरज नाही, तर ते तेव्हा खरेच होते. पण जे काम पायांचे, ते तीस वर्षे खांद्यांनी केले. खांदे झिजतात. साठीला आल्यावर हात वर उचलत नाही, चाक ढकलवत नाही. इकडे बायकोचीही कंबर धरलेली असते. कागद मात्र तिशीतलाच राहतो. अशा घराने फेरतपासणी मागितली पाहिजे. त्यात लाज कसली?

आता खरी अडचण येते ती पुढे. ‘सतत सोबतीची गरज’ म्हणजे नेमके काय? बोर्डाला काय सांगायचे? आपल्याकडचा नियम हे बोर्डाच्या मतावर सोपवतो. सहाव्या वेतन आयोगानंतर मुलकी नोकरीतल्या शंभर टक्के अपंगांनाही असा भत्ता लागू झाला. त्या वेळच्या आदेशात, दैनंदिन व्यवहारांसाठी जो पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे तो, असे त्याचे वर्णन केले आहे. पण दैनंदिन व्यवहार म्हणजे कोणकोणते, हे सामान्य माणसाला कसे उमगावे? इथे मला अमेरिकेचा दाखला उपयोगी वाटतो.

अमेरिकेत ही गोष्ट जुनी आहे. तिथले यादवी युद्ध १८६५ साली संपले. हजारो माणसे हातपाय, डोळे गमावून घरी परतली. १८६६ च्या कायद्याने ठरवले, की जो सैनिक दुसऱ्याच्या सततच्या मदतीवाचून राहूच शकत नाही, इतका असहाय झाला आहे, त्याला दरमहा २५ डॉलर द्यावेत. तेव्हापासून ही कल्पना तिथे कायद्यात रुजली, आणि पुढे गरज कशी ओळखायची याची एक यादीच नियमात आली. ती यादी अशी. माणसाला स्वतः कपडे घालता-काढता येतात का? स्वतःला स्वच्छ, नीटनेटके ठेवता येते का? शरीराला लावलेली कृत्रिम साधने वारंवार ठीकठाक करावी लागतात का, आणि ती दुसऱ्याच्या मदतीवाचून करता येत नाहीत का? हातांत ताळमेळ नसल्यामुळे किंवा फार अशक्तपणामुळे स्वतः जेवता येत नाही, असे आहे का? शौच-लघवीचे स्वतःचे स्वतः उरकता येते का? आणि शेवटचा प्रश्न, अवतीभवतीच्या रोजच्या धोक्यांपासून त्याला जपायला कुणी लागते का?

या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. काही जवानांचे हातपाय धड असतात, पण डोक्याला मार लागलेला असतो. चूल पेटती ठेवून तो निघून जातो, विहिरीच्या कडेला जाऊन बसतो, औषध दोनदा घेतो. त्याला भरवावे लागत नाही, पण राखावे लागते. राखणे हीसुद्धा परिचर्याच आहे.

त्या नियमात आणखी दोन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. एक म्हणजे यादीतल्या सगळ्याच गोष्टी लागू पडल्या पाहिजेत, असे नाही. दुसरी अधिक मोलाची. मदत करणारा माणूस नात्यातला आहे, घरातलाच आहे, एवढ्या कारणावरून भत्ता नाकारता येणार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. पुढे २०१० साली अमेरिकेने आणखी एक कायदा केला आणि पात्र ठरणाऱ्या सैनिकांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांच्या स्वतःच्या हाती दरमहा रक्कम द्यायला सुरुवात केली. आधी ही सोय अलीकडच्या युद्धांतल्या सैनिकांपुरती होती, २०१८ च्या कायद्याने ती जुन्या सैनिकांनाही लागू केली. म्हणजे पत्नीच्या, आईच्या कामाला तिच्याच नावाने मोबदला मिळाला.

परक्या देशाचा नियम आपल्याकडे लागू नाही, हे उघड आहे. तो दाखवून इथे भांडायचे नाही. पण ही सहा प्रश्नांची यादी आपल्याला दिव्यासारखी वापरता येते. घरी बसून एकेका प्रश्नाचे खरे उत्तर लिहिले, की बोर्डापुढे काय सांगायचे ते आपोआप तयार होते.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो. इथे मी गावातल्या शिक्षकांना मुद्दाम हाक मारतो. गुरुजी, हे काम तुमच्यावाचून होणार नाही.

सगळ्यांत आधी एक साधी वही घ्या. शाळेतली शंभर पानी वही चालेल. सलग पंधरा दिवस त्या घरातल्या माणसाने रोजचे लिहायचे, किंवा त्यांनी सांगायचे आणि वरच्या वर्गातल्या मुलाने लिहायचे. किती वाजता उठवले, किती वेळा वळवले, नळी केव्हा बदलली, कोणी उचलले, कुठे पडला, रात्री किती वेळा जागे व्हावे लागले. विशेषणे लिहायची नाहीत. ‘फार हाल आहेत’ या वाक्याने बोर्डाला काही समजत नाही. ‘रात्री अकरा, एक, चार या वेळी कूस बदलली, पत्नीने बदलली’ या वाक्याने समजते. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. असेल तेवढेच लिहा, त्यावर मीठमसाला नको. जे स्वतः करता येते, तेही लिहा. खऱ्या वहीला कुणापुढेही भीती नसते.

वही झाली, की कागद एकत्र करा. पेन्शनचा आदेश, म्हणजे पी.पी.ओ., फौज सोडतानाचे डिस्चार्ज बुक, आधीच्या मेडिकल बोर्डाचा कागद, रुग्णालयाची कागदपत्रे. कागद बासनात बांधून माळ्यावर असतात, उंदीर खातात. प्रत्येकाच्या दोन नकला काढून घ्या. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे का, ते पाहा. एका ठिकाणी ‘पाटील’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पवार’ असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे लागेल.

मग जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय असते, तिथे जा. तिथे माजी सैनिकांचे अर्ज लिहून देणे, योग्य जागी पाठवणे हे कामच असते. अर्ज जवानाच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसकडे जातो, आणि फेरतपासणीची वेळ लष्करी रुग्णालयाकडून मिळते. अर्जात मागणी सरळ शब्दांत लिहा. ‘माझ्या मान्य झालेल्या अपंगत्वामुळे मला आता सतत दुसऱ्या माणसाची मदत लागते. त्याची तपासणी व्हावी आणि परिचर्या भत्त्याचा विचार व्हावा.’ बस. चार पाने लिहिण्याचे कारण नाही. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

बोर्डाच्या दिवशी वही बरोबर न्या, आणि सांभाळणाऱ्या माणसालाही न्या. डॉक्टरांनी जवानाला विचारले आणि तो सवयीने ‘ठीक आहे साहेब’ म्हणाला, तर बाईंनी नम्रपणे म्हणावे, “डॉक्टरसाहेब, रात्रीचं मी सांगू का?” यात नवऱ्याचा अपमान नाही.

बोर्डाचा निर्णय विरुद्ध गेला तर खचू नये. निर्णयाविरुद्ध अपील करता येते. मुदत किती, ते निर्णयाबरोबर आलेल्या पत्रात पाहावे आणि ती चुकवू नये. त्यावरही समाधान झाले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी जवानाच्या कागदावर कसल्याही आजाराची नोंद नसेल, तर तो तेव्हा निरोगी होता असेच धरायचे; आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही. पुढे २१ सप्टेंबर २०२३ पासून या बाबतीत नवे नियम आले आहेत. तेव्हा आपल्याला कोणते नियम लागू होतात, हे फौज सोडल्याच्या तारखेवरून कार्यालयात विचारून घ्यावे.

मंडळी, शेवटी मनाची एक गोष्ट. आपल्या महाराष्ट्राला मुरलीकांत पेटकर यांचा अभिमान आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, आणि त्यानेच १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. अशा स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण ती सांगताना एक काळजी घ्या. पलीकडच्या आळीत अंथरुणावर पडलेला दुसरा जवान ती ऐकत असतो. त्याला असे वाटता कामा नये, की जो पोहला तो शूर आणि ज्याला कूस वळवायला माणूस लागतो तो दुबळा. दोघांनी देशासाठी जे दिले, ते सारखेच दिले. एकाच्या वाट्याला पाणी आले, दुसऱ्याच्या वाट्याला अंथरूण. मदत लागणे हा पराभव नाही, आणि ती मागणे ही भीक नाही.

पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पाय देत आहे. खडकीची क्वीन मेरी संस्था पहिल्या महायुद्धातल्या अपंग शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत निघाली आणि पुढे खडकीला आली. ती तेव्हापासून हाताला कसब देत आहे. पाय आणि कसब देणाऱ्या संस्था आहेत. पण रात्री एक वाजता उठून कूस बदलणारी संस्था कोणतीही नाही. ते काम घरातलेच कुणीतरी करते. त्या माणसाकडे गावाचे लक्ष जावे, एवढेच मागणे आहे.

तर गुरुजी, येत्या ध्वजदिनी मुले डबा घेऊन निघतील, तेव्हा त्यांच्याबरोबर एक कोरी वही पाठवा. ज्या घरी असा जवान असेल, तिथे डबा पुढे करू नका, वही द्या. पंधरा दिवसांनी परत जा आणि ती वाचा. अर्ज कसा लिहायचा, ते मग तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.